पद्मिनीबाईंचा अडतीस टंच

१ ऑक्टोबर, मंगळवार

शाळेतले बारा स्मार्ट पॅनेल मला किती रुपयांना पडले ते माझ्या मुलाला, सुधीरला, ठाऊक आहे आणि बायकोला, मालिनीला, कळू द्यायचं नाही. पण रुपये हा कुठल्याही खर्चातला सगळ्यात लहान भाग. खरा खर्च असा झाला: बारा काळे फळे, उतरवून गच्चीवर. चोवीस खिडक्या, काळा कागद चिकटवून बंद, कारण ऊन आलं की पडद्यावर काही दिसत नाही. वाचनालयाची खोली, कारण इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या कुठंतरी ठेवायला हव्यात. मग पुस्तकांची कपाटं जिन्याखाली, जिन्याखालच्या कबड्डीच्या चटया राजेश चौकीदाराच्या खोलीत, आणि राजेशची खाट व्हरांड्यात. सगळ्यांनी हसतमुखानं केलं. राजेश जरा कमी हसला.

आज उद्घाटन. पॅनेल सुरू केला की आधी सहा सेकंद माझा फोटो येतो, खाली ‘सौजन्य’. मला भाषण जमत नाही असं म्हणत म्हणत बावीस मिनिटं बोललो. एक वाक्य मात्र मस्त बसलं, टाळ्या त्यालाच पडल्या. म्हटलं, ‘लोग दान देते हैं और अपने बच्चे कहीं और पढ़ाते हैं. मेरी पोती इसी स्कूल में है, सातवीं बी में, और बारहवीं तक यहीं रहेगी, मेरे ही पैनल के सामने.’ प्रिन्सिपल शर्मिष्ठा सक्सेना मॅडमनी डोळ्यांना रुमाल लावला. त्यांना सर्दीही होती.

६ ऑक्टोबर, रविवार

ही डायरी पॅनेलच्या कंपनीनं भेट दिली. कोरी कशाला ठेवायची. पहिलं पान नवऱ्यामुलासारखं रुबाबात लिहिलं, आता खरं लिहितो.

मी सातवी नापास. विट्याजवळच्या गावातून सोळाव्या वर्षी लखनौला आलो, चौकातल्या सराफ बाजारात मामाच्या गलाईच्या भट्टीवर. गलाई म्हणजे जुने मोडके दागिने वितळवायचे आणि त्यात अस्सल किती ते सांगायचं. त्या आकड्याला आम्ही टंच म्हणतो. गेली बेचाळीस वर्षं मी हाच आकडा सांगून खातोय. चांदीचा तुकडा फरशीवर टाकला की मला आवाजावरून टंच कळतो, मागाहून तेजाबानं फक्त खात्री करायची. बाजारात सगळे ‘मराठा सेठ’ म्हणतात. आमचे कान तिकडे प्रसिद्ध आहेत.

शर्मिष्ठा मॅडम दुकानात बांगड्या मोडायला आल्या होत्या, तिथून मी शाळेच्या समितीत गेलो आणि दोन वर्षांत अध्यक्ष झालो. ज्याला शाळेनं दोनदा बाहेर काढलं तो आता शाळेच्या खुर्चीत बसतो, हे मनाला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. मी फाटकातून आत शिरलो की घंटा दोनदा वाजते. एवढा मान मला विकास नगरच्या आमच्या गल्लीतही नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

कंपनीचा सुजय आला. पुण्याचा पोरगा, हिंदी बोलताना मराठी घालतो आणि मराठी बोलताना इंग्रजी. माझ्या फोनवर त्यानं डॅशबोर्ड चढवला. बारा शिक्षकांची नावं आणि प्रत्येकापुढे शंभरातला एक आकडा. “काका, टीचरनं लेसन लावला, पूर्ण चालवला, शेवटची क्विझ केली, की स्कोअर वाढतो. कोण किती शिकवतं ते तुम्हाला घरबसल्या.”

मी म्हटलं, म्हणजे टंच.

त्याला काही कळलं नाही. पण मला लख्ख कळलं. शाळा या प्रकाराची जी भीती माझ्या पोटात पन्नास वर्षं होती ती त्या एका मिनिटात गेली. आत काय चाललंय ते कळायला आता शिकलेलं असायची गरज नाही. आकडा वाचता आला की झालं, आणि आकडे वाचण्यात माझ्यापुढे कोण आहे?

२६ ऑक्टोबर, शनिवार

समितीत ठराव मांडला. मार्चमध्ये शिक्षकांचे करार नवे करताना ज्याचा टंच ऐंशीच्या खाली, त्याचा करार नाही. सगळ्यांनी हात वर केले. हे लोक माझ्यासमोर हात फार पटकन वर करतात.

आजचे आकडे बघितले. कुणी पन्नास, कुणी चौसष्ट, कुणी एकाहत्तर. सगळ्यात खाली गणिताच्या पद्मिनीबाई, अडतीस. जरा वाईट वाटलं, कारण बाई आपल्याकडच्या, अकोल्याच्या. अठरा वर्षं याच शाळेत आहेत, पण कागद दर मार्चला नवा. नवरा विश्वजित तीन वर्षांपासून घरातून कन्सल्टन्सी करतो, म्हणजे घरात असतो. घर बाईंच्या पगारावर चालतं. आणि पूर्वाला, म्हणजे माझ्या नातीला, गणित त्याच शिकवतात.

त्यांच्या वर्गात डोकावलो. बाकीच्या अकरा वर्गांत सिनेमाच्या थेटरासारखा अंधार आणि शिस्त. इथं मात्र वर्गभर ऊन. खिडकीचा काळा कागद फाडलेला. पॅनेलवर शाल पांघरलेली. बाई लोखंडी कपाटाच्या पाठीवर खडूनं लिहीत होत्या आणि पोरं एकमेकांशी भांडत होती, उत्तर सात की नऊ. एवढा आवाज भट्टीवर माझ्या कारागिरांनी केला असता तर मी त्यांना हाकललं असतं.

१० नोव्हेंबर, रविवार

पद्मिनीबाई घरी आल्या. मालिनीनं चहा केला. ठराव त्यांना कळला होता. मी म्हटलं, बाई, ऐंशी करा, बाकीचं मी बघतो. लावायचं काय असतं त्यात, बटण तर दाबायचं.

“बटणाचं काही नाही, काका. पडद्यातला तो धडे सांगणारा कार्टून हत्ती बोलतो पण छान. फक्त त्याला पोरांनी काही विचारता येत नाही.”

“शेवटी प्रश्न असतात की.”

“ते तो विचारतो.”

मी बशीतल्या चहावर फुंकर मारायला लागलो. उत्तर सुचलं नाही म्हणून नव्हे, चहा गरम होता म्हणून.

मग त्या म्हणाल्या, हत्ती बारा मिनिटं बोलतो आणि तास पस्तीस मिनिटांचा. तो बोलत असताना कोण चुकतंय ते बघायला त्यांना वेळ मिळत नाही, आणि चुकलेलं पोर अंधारात दिसतही नाही. पुढे करार वगैरे काही बोलल्या नाहीत. उलट वही काढून मलाच विचारायला लागल्या: सत्तर टंचाची चांदी आणि नव्वद टंचाची चांदी एकत्र वितळवली तर काय होतं, गिऱ्हाईक कुठं फसतं, तुम्ही कसं ओळखता. मी अर्धा तास सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं.

त्या गेल्यावर मी मालिनीला म्हटलं, नोकरी मागायला आली होती, उलट माझ्याकडूनच शिकून गेली.

मालिनी कप उचलत म्हणाली, “त्यांनी नोकरी कुठं मागितली?”

२७ नोव्हेंबर, बुधवार

ठरावाला महिना झाला. आजचे आकडे इथं उतरवून ठेवतो, कारण असा दिवस रोज येत नाही. हिंदी शहाण्णव. विज्ञान शहाण्णव. भूगोल सत्त्याण्णव. संस्कृत शहाण्णव. चित्रकला शहाण्णव. अकराच्या अकरा जण शहाण्णव-सत्त्याण्णव. चित्रकलेच्या सरांना तर फोन चार्जिंगला लावता येत नाही, त्यांचेही शहाण्णव. भट्टीचा जाळ लागला की सगळ्यांचा मळ निघतो, तो असा.

पद्मिनीबाई अडतीस. जागच्या हलल्या नाहीत.

आज शिक्षकांच्या खोलीबाहेरून जाताना आत कुणीतरी म्हणालं, ‘मराठा सेठ खुश है तो सब खुश.’ हसलेसुद्धा. मुद्दाम थांबून ऐकलं. एवढं प्रेम करणारी माणसं नोकरीत मिळत नाहीत.

१४ डिसेंबर, शनिवार

हज़रतगंजच्या हॉटेलात कंपनीचा समारंभ. मला ‘डिजिटल भगीरथ’ पुरस्कार. शाल, नारळ आणि सोनेरी चषक. घरी येऊन सवयीनं चषकाचं बूड नखानं खरवडून पाहिलं. टंच शून्य. प्लॅस्टिक.

भाषणात सांगितलं की बेचाळीस वर्षांत मला कुणी पितळ सोनं म्हणून विकलेलं नाही. सुजयनं त्याचा व्हिडिओ काढला.

रात्री जेवताना सुधीरनं विचारलं, “बाबा, मार्चमध्ये पद्मिनी मॅडमचं काय?” मी म्हटलं, नियम तो नियम, अपवाद केला तर माझ्या आकड्याला बाजारात काय किंमत. त्यानं एकवार पूर्वाकडे पाहिलं. पूर्वा शेजारी कुठल्याशा शाळेची जुनी प्रश्नपत्रिका सोडवत होती. विचारलं, हे काय? म्हणाली, “ऐसे ही, आजोबा. प्रैक्टिस.” पोरगी अभ्यासू आहे. पॅनेलचा परिणाम.

७ जानेवारी, मंगळवार

थंडीमुळे बारावीपर्यंतच्या सगळ्या शाळा बंद. धुकं असं की समोरच्या घराचं फाटक दिसत नाही. दुकानात कारागीर भट्टीला चिकटून बसतात, त्यांना काम सांगावं लागत नाही.

शेकता शेकता फोन उघडला. आजचे आकडे: शहाण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव, शहाण्णव.

पूर्वाला विचारलं, तुझे ऑनलाइन क्लास किती वाजता असतात? रजईतून तोंड बाहेर न काढता म्हणाली, “कोई ऑनलाइन क्लास नहीं है, आजोबा. छुट्टी है.”

शाळा बंद, टंच चालू. काहीतरी मशिनचं असेल.

९ जानेवारी, गुरुवार

मशिनचं नव्हतं.

सकाळी अकराला शाळेत गेलो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. फाटकातूनच ऐकू आलं: आत वर्ग भरले होते. हत्ती भूगोल सांगतोय, वरच्या मजल्यावर कुणी बाई संस्कृत म्हणतेय, आणि मध्ये टाळ्या, ‘शाबाश बच्चो’. क्षणभर मला खरंच वाटलं की पोरं आलीत.

राजेश गळ्यात मफलर, हातात शेगडी घेऊन एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जात होता. मला पाहून धावला तो थेट घंटेकडे. दोरीला हात घातला आणि मग ओशाळून उभा राहिला. “आदत पड़ गई है, सेठजी. आप आते हैं तो दो बार बजानी होती है. सब लोग पैनल ऑन कर लेते हैं.”

मी व्हरांड्यातल्या त्याच्या खाटेवर बसलो.

त्यानं सगळं सरळ सांगितलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नोव्हेंबरपासून रोज शाळा सुटली की शर्मिष्ठा मॅडमच्या हुकमानं तो अकरा वर्गांत धडे लावतो. दर दहा मिनिटांनी पडदा विचारतो, कुणी आहे का, तेव्हा बोट लावावं लागतं. म्हणून फेऱ्या. क्विझही तोच सोडवतो. सुरुवातीला चुकायच्या, आता नाही. शिक्षक कुणी तीळगुळाची गजक आणून देतं, कुणी जुना स्वेटर. मला म्हणाला, “सेठजी, आदमी में गुणसूत्र कितने होते हैं, मालूम है?” मला मालूम नव्हतं. त्याला होतं.

“और आपका फोटो तो दिन में ग्यारह बार देखता हूँ.”

मी विचारलं, बारा पॅनेल आहेत, अकराच का?

“पद्मिनी मैडम ने मना कर दिया. कहती हैं, जो मैंने पढ़ाया नहीं वो मेरे नाम पर मत चढ़ाओ.”

१० जानेवारी, शुक्रवार

दुकानात बसून सगळे आकडे पुन्हा वाचले.

आमच्या धंद्यात पोरसवदा कारागिरालाही हे कळतं: बारा घरांची मोड आली तर तिचे बारा टंच निघतात. एक बाई सत्तर, एक पंच्याऐंशी, एक त्रेसष्ट. सगळ्यांचे शहाण्णव निघाले तर माल आधीच कुठंतरी एका मुशीत वितळून आलाय. चौकात असा माल कुणी माझ्यापुढे ठेवला असता तर हात न लावता परत पाठवला असता. इथं मी दीड महिना तो खिशात घालून फिरलो आणि वर शाल घेतली.

त्या यादीत खरा आकडा एकच आहे. अडतीस. आणि तोच मी फेकून द्यायला निघालो होतो.

हे कुणाला सांगायचं? लगेच सांगितलं तर शर्मिष्ठा मॅडम दोन दिवसांत काहीतरी वेगळी सारवासारव करतील, सुजय म्हणेल सॉफ्टवेअर अपडेट केलं. शिवाय आमचा एक रिवाज आहे. टंच आधी फोडायचा नाही. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, सगळ्यांदेखत मूस फुटते, तेव्हाच आकडा बोलायचा. आधी बोललं की सौदे फिरतात. मार्चच्या बैठकीत सगळे समोर असतील. तिथंच बोलेन. तोवर ओठ बंद, मालिनीपाशीसुद्धा.

हेही लिहून ठेवतो, कारण ही वही कुणी वाचत नाही: पुरस्काराला अजून महिनाही झालेला नाही. तो व्हिडिओ चार हजार लोकांनी पाहिलाय.

३ फेब्रुवारी, सोमवार

अजून बोललो नाही. फाटकात घंटा दोनदा वाजली. मी मुद्दाम हळू चाललो, त्यांना वेळ मिळावा म्हणून.

२३ फेब्रुवारी, रविवार

सुधीर सकाळीच पूर्वाला घेऊन जानकीपुरमला गेला. दुपारी दोघं परतले, पूर्वा फार खुशीत. काय काम होतं म्हटलं तर सुधीर म्हणाला, यूँ ही, एका ओळखीच्यांकडे. गेल्या रविवारीही तिकडेच गेला होता.

मला समजायचं ते समजलं. पोरगा फ्लॅट बघतोय. वेगळं राहायचंय त्याला. मालिनीला विचारलं तर म्हणाली, “त्यालाच विचारा ना.” मी नाही विचारलं. विचारलं की तो हो म्हणेल.

८ मार्च, शनिवार

भाजीबाजारात पद्मिनीबाई भेटल्या. हातात मुळे. सगळं जिभेवर होतं. पण बैठक चौदा दिवसांवर आलेली, रिवाज मोडवेना. एवढंच म्हटलं, “बाई, मार्चची काळजी करू नका.”

“नाही करत, काका.”

माझा कान खोटं सांगत नाही. आवाज हलका होता, डोक्यावरची पाटी उतरवून ठेवलेल्या माणसासारखा. माझ्या एका वाक्यानं बाईंचा केवढा भार उतरला. जाताना त्यांनी वाकून नमस्कार केला, रस्त्यात, मुळ्यांसकट. मला ते जरा जास्तच वाटलं.

२२ मार्च, शनिवार

आजच्या दिवसाबद्दल नीट लिहायला हवं.

समितीत सगळे हजर, शर्मिष्ठा मॅडम यादी घेऊन. पद्मिनीबाई अर्ध्या दिवसाच्या रजेवर, बरंच झालं, त्यांना अवघडल्यासारखं झालं असतं. मी उभा राहिलो. आधी जानेवारीतल्या बंद आठवड्याचे आकडे वाचून दाखवले. मग राजेशला आत बोलावलं आणि त्याला पचनसंस्था विचारली. तोंडापासून सुरू करून त्यानं मोठ्या आतड्यापर्यंत सांगितली, कुठंही न अडखळता. मग मी म्हटलं, “ग्यारह आदमियों ने मुझे पीतल बेचा और मैंने सोना समझकर ले लिया. जिसने अपना खरा माल सामने रखा, उसे मैं निकाल रहा था. गलती मेरी है.”

कुणी वर बघेना. कबूल करतो, मला मजा आली.

ठराव मांडला: ऐंशीचा नियम रद्द, खिडक्यांचे कागद काढायचे, फळे गच्चीवरून खाली, आणि पद्मिनीबाईंचा करार तीन वर्षांचा. मला वाटलं होतं वादावादी होईल, तयारी करून गेलो होतो. एक शब्द झाला नाही. शर्मिष्ठा मॅडमनी तर सगळ्यात आधी हात वर केला. सत्य समोर आलं की माणसं विरघळतात. दोन महिने तोंड बंद ठेवलं त्याचं सोनं झालं.

घरी येऊन सगळं साग्रसंगीत सांगितलं. मालिनीनं ऐकून घेतलं. सुधीर म्हणाला, “जानेवारीतच सांगायचं होतं, बाबा.” म्हटलं, तुला धंद्यातलं कळत नाही.

२४ मार्च, सोमवार

तीन वर्षांचा करार टाइप करून घेतला आणि बाईंच्या हातात स्वतः द्यावा म्हणून शाळेत गेलो. घंटा एकदाही वाजली नाही. शिक्षकांच्या खोलीत त्यांचा कप्पा रिकामा होता. ऑफिसातल्या कारकुनाला विचारलं. तो उठून उभा राहिला आणि फाइल पुढे केली. पद्मिनीबाईंचा राजीनामा सत्तावीस फेब्रुवारीचा आहे, एक महिन्याची नोटीस, दुसऱ्या दिवशी मंजूर, सही शर्मिष्ठा सक्सेना. एक एप्रिलपासून त्या जानकीपुरमच्या एका शाळेत रुजू होतात.

मी विचारलं, तिथं पॅनेल आहेत का. कारकून म्हणाला, “एक है, सेठजी. हॉल में.”

मग त्यानं दुसरं रजिस्टर काढलं, कारण त्यावर अध्यक्षांची सही लागते. सातवी ब मधून शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी एकोणीस अर्ज आले आहेत. सगळे त्याच शाळेसाठी. अकरावा अर्ज पूर्वाचा आहे. पालकाची सही सुधीरची, तारीख एक मार्च.